माझ्या पोटात प्लास्टिक आहे

मी बोलतोय, पाचव्या मजल्याच्या बाहेरचा तो चकचकीत पत्रा. पत्रा म्हणायचं आपलं. दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमचा पापुद्रा आणि मध्ये काळं प्लास्टिक, एवढाच माझा संसार. दुकानात मला 'कंपोझिट पॅनेल' म्हणतात. नाव मोठं, लक्षण खोटं.

इमारतीच्या रंगाचे पोपडे सुटले तेव्हा चेअरमन म्हणाले, "पॅनेल लावू. रंगाची कटकट नाही, गंज नाही." खरंच होतं ते. ऊन-पाऊस मी निमूट सोसला. येणारे-जाणारे मान वर करून बघायचे. मीही फुशारलो, खोटं कशाला बोलू?

माझ्या मागच्या खोलीत एक आजोबा अंथरुणाला खिळलेले. त्यांचं सगळं सून करायची. एसीचा पाइप घालायला मिस्त्रीने मला भोक पाडलं. निघालेली चकती सुनेने ओट्यावर ठेवली, गरम भांड्याखाली घालायला. बाई काटकसरी.

पहिल्याच दिवशी तिने तापलेला तवा त्या चकतीवर ठेवला. कडेने काळं पाघळलं, तव्याला चिकटलं, घरभर वास सुटला.

"झालं, तवा गेला!" नवरा म्हणाला.

"तव्याचं काय घेऊन बसलात? अहो, हेच बाबांच्या भिंतीला लावलंय!"

सोसायटीच्या मीटिंगमध्ये चेअरमन हसले. "वहिनी, वरून धातू आहे. धातू कधी पेटतो का?"

तिने चकती चिमट्यात धरून कडेला लायटर लावला. माझाच तुकडा, पेटला की हो! जळते थेंब टपाटपा चेअरमनांच्या गालिच्यावर पडले.

"आग लागली तर तुम्ही पळाल. आमच्या बाबांनी काय करायचं?" बोलता बोलता तिला रडू फुटलं. तिथल्या तिथे सगळी पॅनेल काढायचं ठरलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आम्हाला उतरवलं. तिथे न जळणारे सिमेंटचे तक्ते लागले. दिसायला सुमार आहेत, पण असू देत.

भंगारवाल्याने मला उलटंपालटं करून पाहिलं. "धातू सुटत नाही, प्लास्टिक सुटत नाही. फुकट दिलं तरी नको."

शेवटी रखवालदाराने मला उचललं आणि आपल्या खोलीला आतून ठोकलं. "आता वारा लागायचा नाही," तो बायकोला म्हणाला. ती बिचारी खूश झाली. रोज माझ्या शेजारी स्टोव्ह पेटवून स्वयंपाक करते. मध्ये वीतभर जागा आहे. परवा चेअरमन दारातून डोकावले. म्हणाले, "वा, मस्त बसवलंस!"

माझं बोलणं तिला ऐकू जात नाही. तुम्ही तरी सांगा हो तिला, स्टोव्ह बाहेर ने म्हणावं.