फुकटच्या पाखराचं गाऱ्हाणं

मी एक जुना, करडा कॉकाटील पक्षी आहे, पोपटाच्याच कुळातला. डोक्यावर पिवळा तुरा, गालांवर शेंदरी ठिपके आणि स्वभाव वाईट. तुम्हाला मित्रांनो म्हणायची रीत आहे म्हणून म्हणतो. माणसांशी माझी मैत्री कधीच संपली.

माझं लहानपण नगरला शाळेतल्या एका सरांकडे गेलं. एकदा गॅसवर दूध करपलं, घर धुराने भरलं आणि मी दांडीवरून खाली कोसळलो. सरांनी मला उचलून गच्चीवर धाव घेतली, म्हणून वाचलो. पुढे त्यांची बदली झाली, तेव्हा केडगावच्या रुपालीने मला दत्तक घेतलं. सरांनी एक पैसा घेतला नाही. पिंजरा, राळ्याचा डबा, सगळं दिलं आणि एवढंच सांगितलं, "नखं वेळच्या वेळी कापून घ्या. आणि याला धूर अजिबात सोसत नाही." रुपालीने छान मान डोलावली.

तिच्या घरात मला नाव मिळालं नाही. आल्यागेल्याला माझी ओळख एकच, "फुकटात मिळाला." माझी नखं वाढून वळली, दांडी नीट धरता येईना. रुपाली म्हणाली, "डॉक्टरांना दाखवू या का?" तिचा नवरा गहिनीनाथ मोबाईलमधून डोकं न काढता म्हणाला, "फुकटच्या पाखराला कुठं डॉक्टर असतो व्हय?" तेव्हापासून मी त्याला चावतो. संधी मिळेल तेव्हा आणि मनापासून.

मग मुलीच्या, म्हणजे संस्कृतीच्या वाढदिवसाला त्याने दुकानातून माझ्याच जातीचं पांढरं पिल्लू आणलं. सोबत चकचकीत पिंजरा. पाच हजार मोजले, हे त्याने अख्ख्या गल्लीला ऐकवलं. पिल्लू हॉलमध्ये गेलं आणि मी बाहेर, चपलांशेजारी. मला त्याचा राग यायला हवा होता, पण आला नाही. ते आतून बारीक शीळ घालायचं, मी बाहेरून उत्तर द्यायचो. इतक्या वर्षांत माझ्याशी माझ्या भाषेत बोलणारं ते पहिलंच.

थोड्याच दिवसांत ते शिंकायला लागलं. रुपालीने पुन्हा डॉक्टरांचं नाव काढलं. गहिनीनाथ म्हणाला, "आत्ताच एवढं पैसं घातलेत, आन् वर डॉक्टर?" फुकटचा म्हणून मला डॉक्टर नाही आणि महागाचं म्हणून त्याला नाही.

गहिनीनाथची आई कडूबाई तशी मायेची. सगळी नातवंडं तिने धुरी देऊन वाढवलेली. "लेकरावानी शिंकतंय गं," ती म्हणाली. "ओव्याची धुरी देऊ, मोकळं व्हईल." तिने घमेल्यात निखारे घेतले, वर ओवा टाकला आणि धूर बाहेर जाऊ नये म्हणून खिडक्या लावल्या. दार ओढून घेतलं ते रुपालीने, त्याच छान मान डोलावणाऱ्या रुपालीने. वास माझ्यापर्यंत आला. मी घसा फाटेपर्यंत ओरडलो, पंख आपटले. "ह्याला त्याचं लाड बघवंना झालंय," म्हणत गहिनीनाथने माझ्यावर पोतं टाकलं. आतली शिंक थांबली, तेव्हा कडूबाई म्हणाली, "बघ, उतार पडला."

संस्कृती शाळेतून आली आणि तिनेच पिल्लू हातात घेतलं. ते थंड झालं होतं. कडूबाई खूप रडली, खरं रडली, आणि म्हणाली, "कुनाची तरी नजर लागली." गहिनीनाथने दुकानदाराला शिव्या दिल्या. धुराचं नाव कोणी काढलं नाही. रिकामा पिंजरा बरा दिसेना म्हणून मला त्यात घातलं. आता गहिनीनाथ पाहुण्यांना सांगतो, "पाच हजारांचा हाय." नखं अजून तशीच आहेत.

मित्रांनो, पक्षी विकत घ्या नाहीतर दत्तक घ्या. आणल्यानंतर डॉक्टरकडे नेण्याची तयारी नसेल तर मात्र आम्हाला आणूच नका. हे मी प्रेमाने सांगत नाही.

आज सकाळी मला शिंक आली. कडूबाई लगबगीने उठली आणि सुनेला म्हणाली, "निखारं हायत का गं?" केडगावात कोणी राहत असाल तर या घराची कडी वाजवा. चहा विचारतील, नको म्हणा. आधी खिडकी उघडा.