दहापैकी नऊ

मनीषा आणि रघुवीर कारखानीस, दोघांनाही टाइप टू डायबेटिस. नॉटिंगहॅममध्ये त्यांच्या जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे, नवी नर्स आली, तेव्हा तिने दोघांना वेगवेगळं बसवून विचारलं, आपली शुगर आपणच सांभाळू शकू असा तुम्हाला किती विश्वास वाटतो? जेवण, गोळ्या, शुगर अचानक उतरली तर काय करायचं, प्रत्येक गोष्टीला शून्य ते दहामधला आकडा द्यायचा होता.

रघुवीरनी सगळीकडे नऊ सांगितले. मनीषाने चारच्या वर एकही दिला नाही. खरं तेच सांगितलं तिने. रघुवीरना गरम भाकरी वाढून होईपर्यंत तिची जेवायची वेळ टळलेली असायची. मग ओट्याशी उभ्या उभ्या, जे उरेल ते.

नर्सने तिचं नाव आत्मविश्वास वाढवायच्या कोर्सला घातलं. पहिल्या दिवशी बोलायला मात्र रघुवीरना बोलावलं.

ते सूट घालून गेले. शिस्त हवी, मनावर ताबा हवा, असं त्यांनी लोकांना सांगितलं. सकाळी भिजवलेली मेथी, वाटीभरच भात, जेवल्यावर पायी एक चक्कर, सगळं सांगितलं. मनीषा दुसऱ्या रांगेत बसून ऐकत होती. मेथी ती भिजवत होती. भात ती मोजत होती. चक्कर मारायला निघताना कोटसुद्धा तीच हातात देत होती.

शेवटी एका बाईंनी विचारलं, तुम्ही गोळ्या कुठल्या घेता? रघुवीर अडखळले आणि त्यांनी बायकोकडे पाहिलं. तिने नावं सांगितली. लोक कौतुकाने हसले. नर्सही हसली.

परतताना बसमध्ये मनीषा म्हणाली, "उद्यापासून तुमचं तुम्ही बघा."

"त्यात काय अवघड आहे?" ते म्हणाले.

पुढच्या आठवड्यात ती कोर्सला गेली असताना त्यांनी उपाशीपोटीच गोळी घेतली आणि पेपर वाचत बसले. ती परत आली तेव्हा ते स्वयंपाकघरात जमिनीवर पडलेले होते, घामाने भिजलेले. शुगर पार उतरली होती आणि उजवं मनगट मोडलं होतं.

त्यांची मुलगी ऋजुता कार्डिफहून थेट हॉस्पिटलमध्ये आली.

"आई, तू कुठे होतीस?"

"कोर्सला."

"बाबांना एकटं सोडून? त्यांना काहीच जमत नाही, तुला माहितीये ना."

"मग हे नर्सला सांग."

ऋजुता म्हणाली, "नको. त्यांना वाईट वाटेल."

मनीषा त्यानंतर कोर्सला गेली नाही. महिन्याभराने नर्सचा फोन आला. न येणाऱ्यांची नावं यादीतून काढावी लागतात, तिने समजुतीच्या सुरात सांगितलं. काही अडचण आहे का, असंही विचारलं. मनीषा नाही म्हणाली.

फोन ठेवून ती पुन्हा रघुवीरच्या ताटाशी येऊन बसली. हात प्लास्टरमध्ये असल्यामुळे त्यांना भरवावं लागत होतं.

"जरा लवकर," ते म्हणाले, "गार होतंय."