दहा मानकऱ्यांची छातीतपासणी

यादी वाचून गुणवंतीचं टाळकं सटकलं. गिरण्या बंद पडल्यावर गावी परतलेल्या कामगारांसाठी परळच्या एका धर्मादाय हॉस्पिटलाने फुप्फुसाच्या कॅन्सरची फुकट तपासणी ठेवली होती. गावाकडे खोकल्यावर उपाय काय, तर काढा. स्कॅनसाठी जिल्ह्याला जावं, तर तिथलं मशीन बंद. म्हणून लालबागला राहणाऱ्या गुणवंतीने डॉक्टरीणबाईंची पाठ धरून गावासाठी दहा जागा मिळवल्या. गाव कसलं घेऊन बसलात, भावासाठी! गिरणी संपापर्यंत कापूस पिंजायच्या कार्डिंग खात्यात धूळ खाल्लेला, वर चाळीस वर्षं विड्या फुंकलेला महादेव दिवाळीपासून खोकत होता.

आणि गावाने यादी केली ती मानाप्रमाणे! पालखीला पहिला खांदा शामराव गावकरांचा, म्हणून पहिला नंबरही त्यांचा. महादेवाला मानच नाही. लालबागच्या गावकरी खोलीत, जिथे गावचे सगळे उतरतात, तिथे तो आला होता खरा, पण दहा मानकऱ्यांचा भात शिजवायला.

“दादा, तपासणी आहे की पालखी?”

“रीत आसा गो ती,” महादेव कांदा चिरत म्हणाला. “मोडूची कशी?”

सकाळी वरात हॉस्पिटलात पोचली. महादेव पिशव्या घेऊन मागे. डॉक्टर दमयंतीबाईंनी शामरावांना विचारलं, “दिवसाला किती विड्या?”

“उभ्या जन्मात एक नाय!” शामरावांची छाती फुगली.

“मग आजोबा, ही तपासणी तुमच्यासाठी नाही. वर्षानुवर्षं ओढणाऱ्यांसाठी आहे.”

दुसरा? नाही. तिसरा? शिव शिव! पालखीला खांदा देणाऱ्याने विडीला शिवायचं नाही, ही तर गावची मूळ रीत. म्हणजे अख्खा गाव धुंडाळून न ओढणारे दहा जण तेवढे वेचून पाठवले होते. गुणवंतीने कपाळावर हात मारला.

पण पहिला मानकरी परत जाणार म्हणजे गावाचं नाक कापलं. शामराव वळले. “सांगूचा रवला. दिवसाक तीस ओढतंय.”

“असं?” गुणवंतीने महादेवाच्या खिशातून बंडल ओढलं आणि शामरावांना फाटकाबाहेर नेलं. “ओढून दाखवा, काकांनू.”

शामरावांनी विडी दोऱ्याच्या बाजूने पेटवली.

“काकांनू, उलटी धरलास ती!” महादेवाला हसू फुटलं. हसता हसता खोकला लागला, आणि तो काही थांबेना. महादेव फुटपाथवर बसला. गुणवंतीने पदराने त्याचं तोंड पुसलं. शामरावांच्या हातून विडी केव्हा गळली ते त्यांनाही कळलं नाही.

“कधीपास्ना असो खोकतस रे?”

“दिवाळीपास्ना.”

शामरावांनी त्याला दंडाला धरून उठवलं आणि थेट डॉक्टरीणबाईंच्या समोर बसवलं. “ह्येचा आधी बघा.”

स्कॅनमध्ये चिंचोक्याएवढा डाग निघाला. पुढच्या सगळ्या तपासण्यांना पंधरवडा गेला. नऊ मानकरी गावी परतले, शामराव मात्र हलले नाहीत.

“कॅन्सर आहे,” दमयंतीबाई म्हणाल्या, “पण लहान आहे, ऑपरेशनने काढता येईल. हे गावात बसून राहिले असते तर आणखी वर्षाने आले असते, आणि तेव्हा मला फार काही करता आलं नसतं.”

गुणवंती तिथेच हमसून हमसून रडली. महादेवाने तिच्या पाठीवर हात फिरवला. मग म्हणाला, “बाई, माझ्याबरोबरचे कार्डिंगातले चौघे गावात आसत. धर्मा, उत्तम... तेही ओढतत.”

“नऊ जागा अजून तशाच आहेत,” बाई म्हणाल्या.

शामरावांनी मोबाइल काढला आणि गावच्या मंडळाच्या सेक्रेटरीला, दत्तारामाला, फोन लावला. हॉस्पिटलचा अख्खा व्हरांडा ऐकत होता.

“दत्ताराम, धर्माक, उत्तमाक, त्या चौघांकय आजच्या गाडीत घाल. कोणाचो मान? मेल्या, मान काय विचारतस! गाडी भरली? मगे माझो पोरगो निघता हा ना त्या गाडीन, त्याका उतरव आणि धर्माक बसव.”