राक्षस सोडून फुटलेला धुरा

मी अड्याळचा अंकुश, गेम खेळणारा. कमाई शून्य, पण ऐट अशी का गावात माह्याशिवाय कोणी हुशारच नाही. बाबाले मी सांगून ठेवलं होतं, नागपूरच्या सूरजनं आपल्या चॅनेलवर घेतलं तं मी धानाच्या चिखलात पाय ठेवत नाही. नाही घेतलं तं गुमान रोवण्याले येतो.

सूरजची अट एकच. तलवारबाजीच्या एका नव्या गेमचा डेमो आला होता. तो पहिल्यांदा खेळताना कसा वाटला, ते बोलत बोलत रेकॉर्ड करून पाठवाचं. मी माइकसमोर बसलो, बाजूले दोस्त भूपेंद्र, मागं खाटेवर बाबा.

"ग्राफिक्स झकास आहे," मी म्हणलो.

"तलवार थोडी जड वाटते," भूपेंद्र म्हणाला. जन्मात त्यानं विळ्याशिवाय काही धरलं नाही.

हिरो डोंगर उतरून एका गावात आला. समोर चार हातांचा राक्षस, अन् बाजूले धानाच्या बांध्या, काठोकाठ पाण्यानं भरलेल्या. एका बांधीचा धुरा, म्हणजे मातीचा बांध, फुटला होता.

"अरे, पाणी चाललं ना," बाबा मागून म्हणाले.

आता राक्षस सोडून कोणता शहाणा तिकडं जाईन? मी गेलो. भूपेंद्रनंही अडवलं नाही, त्याच्याही घरी धानच आहे. मी फुटलेल्या जागी दगड ढकलाले लागलो.

"खेकड्यानं भोक केलं असन, खालून पाह्य," बाबा म्हणाले.

भूपेंद्रनं माइकवर आपलं मत देऊन टाकलं, "गेम चांगला आहे, पण यायनं धुरे कच्चे बांधले."

राक्षसानं जितक्या खेपा मारलं, तितक्या खेपा मी उठून धुऱ्याकडंच पळालो. डेमो संपला. राक्षसाले साधं खरचटलंही नाही.

सूरजचा फोन आला. "लढाई कुठं आहे बे? आज पुन्हा करून पाठव, पहिल्यांदा खेळल्यासारखं. नाहीतं मी दुसरा पाहतो."

मले वाटलं बाबा खूश होतीन. तं ते मान खाली घालून म्हणाले, "माह्यानं हुकलं तुह्यं. मी मधात बोलाले नाही पाहिजे होतं. लाव पुन्हा, आता तोंडच उघडत नाही."

रोवणा तोंडावर, मजूर भेटत नाही, अन् हा माणूस माह्यासाठी गप्प बसाले तयार.

पुन्हा लावला. बाबानं तोंडाले दुपट्टा लावला. राक्षस आला. भूपेंद्र कोपरानं ढोसून राहिला, "मार, मार." इकडं बांधीतलं पाणी उतरून राहिलं होतं, चिखल दिसाले लागला होता. कोणी काही बोललं नव्हतं. मी राक्षसाले पाठ दाखवली अन् दगड ढकलाले लागलो.

दुपट्ट्याआडून बाबाचा आवाज आला, "त्याले मार ना रे बाबू. पाणी जाऊ दे."

आयुष्यात पहिल्यांदा ते पाणी जाऊ दे म्हणाले, अन् मी ऐकलं नाही.