पाण्यावरची चाळीस मिनिटं

स्वरदा देशकरला अकराव्या वर्षी मधुमेह झाला. मोठ्या माणसांना उतारवयात होतो तो नव्हे. शरीर इन्सुलिन बनवायचंच सोडून देतं, तो. पहिली दोन वर्षं बोटं टोचून घेण्यात गेली. मग तिच्या दंडावर सेन्सर आला. रुपयाच्या नाण्याएवढी पांढरी चकती, दर थोड्या मिनिटांनी साखर मोजायची आणि आकडा फोनवर पाठवायची. तोच आकडा गोविंदपुऱ्यातल्या कारखान्यात तिच्या बाबांच्या, अंबरीश देशकरांच्या फोनवरही उमटायचा. घरात सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

आता ती पंधरा वर्षांची होती, नववीत. फोन म्हणजे तिच्या हाताचं सहावं बोट झालं होतं. इतर मुलींच्या हातातही फोन असायचा, पण त्यांना निदान आईची बोलणी खावी लागायची. स्वरदाला कोणी बोलू शकत नव्हतं. शाळेत फोन आणायला बंदी, तिला मात्र मुख्याध्यापकांची लेखी परवानगी. आई, म्हणजे अश्विनीताई, स्वयंपाकघरातून विचारायची, "भूक लागली का गं?" आणि स्वरदा आधी फोन बघायची. एकशे चार, बाण आडवा, म्हणजे साखर स्थिर. मग उत्तर द्यायची, "हो, भूकच आहे." बॅटरी वीस टक्क्यांवर आली की ती प्लग शोधायला लागायची. दप्तरात दोन पॉवर बँक असत.

आकडा ऐंशीच्या खाली घसरला की मिनिटभरात बाबांचा फोन. "स्वरा, खाल्लंस का काही?" भूगोलाचा तास असो की गणिताचा. वर्गातल्या पोरी याला 'हॉटलाइन' म्हणायच्या. स्वरदा तोंड वाकडं करायची. पण फोन यायला दोन मिनिटं उशीर झाला तर तिलाच चुटपुट लागायची.

दिवाळीनंतर तिच्या वर्गातली तन्वी तिच्या मागे लागली. तन्वी अशोका गार्डनला राहायची आणि वर्षभर दर रविवारी मोठ्या तलावावर कयाक चालवायला जायची. दोघींनी मिळून वल्हवायची ती लांबोडकी नाव. तिची जोडीदारीण इंदूरला गेली होती.

"तू चल ना यार. तुझे हात कितने लंबे आहेत!"

"मला पोहण्यापलीकडे काही येत नाही."

"मला तर तेही नीट येत नव्हतं."

घरी विषय निघाला तेव्हा बाबांचा पहिला प्रश्न होता, "पाण्यात फोन कसा नेणार?" पाणी न शिरणारं प्लॅस्टिकचं पाऊच मिळतं, गळ्यात घालायचं, असं स्वरदानं सांगितलं. बाबांनी तीन दुकानं पालथी घालून त्यातल्या त्यात जाड पाऊच आणलं, बादलीत बुडवून पाहिलं, आणि मगच होकार दिला.

पहिल्या दोन रविवारीच स्वरदा तलावाच्या प्रेमात पडली. थंडीतलं पाणी राखाडी, सपाट. पलीकडच्या काठावर धुक्यात बुडालेली झाडं. वल्हं पाण्यात जातं तेव्हा होणारा तो बारीक आवाज तिला घरी आल्यावरही ऐकू यायचा. पण दर दोन-तीन मिनिटांनी तिचा हात पाऊचकडे जायचा. ओल्या प्लॅस्टिकमधून आकडा दिसायला वेळ लागे, तोवर वल्हं थांबलेलं. पुढे बसलेली तन्वी एकटीच मारत राही आणि नाव वाकडी होई.

तिसऱ्या रविवारी नाव उलटली.

लाइफ जॅकेट होतं, त्यामुळे बुडायचा प्रश्न नव्हता. प्रशिक्षक तारिक सर मोटरबोट घेऊन आले आणि दोघींना ओढून वर घेतलं. थंडीनं कुडकुडताना स्वरदानं पहिली गोष्ट केली ती पाऊच पुसून आकडा बघण्याची. तारिक सर बघत होते.

"बिटिया, मैं बीस मिनट से देख रहा हूँ. तुम नाव नहीं चला रहीं, फोन चला रही हो."

"सर, मेरा शुगर…"

"मालूम है. पापा ने पहले ही दिन बता दिया था." त्यांचा आवाज चढलेला नव्हता. "पर नाव में दो लोग हैं. एक रुक-रुक के चलाएगा तो दोनों पलटेंगे. डॉक्टर से पूछ के आओ. वो कहें कि फोन के बिना चल सकता है, तो आओ. फोन के साथ नहीं."

बाबा तिला गाडीतून घरी, मिसरोदला घेऊन निघाले. घराच्या वळणावर बाबा म्हणाले, "सोडून दे ना. बॅडमिंटन खेळ. फोन बाजूला ठेवता येतो." त्यांच्या आवाजातली सुटका स्वरदाला स्पष्ट ऐकू आली, आणि तिला फार एकटं वाटलं.

आईनं मात्र दुसऱ्याच दिवशी स्वरदाच्या मधुमेहाच्या डॉक्टर सुचेता यांची वेळ घेतली.

डॉक्टरांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "आत्ता किती असेल? फोन न बघता सांग."

स्वरदाचा हात आपसूक पिशवीकडे गेला.

"न बघता."

"मला कसं कळणार?"

"आधी कळायचं की. पहिल्या वर्षी तू इथेच बसून मला सांगितलं होतंस, 'डॉक्टर, माझे ओठ झिणझिणतायत.' टोचून बघितलं तर पासष्ट होती."

स्वरदाला आठवत होतं, पण कुणा दुसऱ्या मुलीची गोष्ट आठवावी तसं. तिनं अंदाज केला, एकशे चाळीस. फोनवर ब्याण्णव होते.

"सेन्सर काढायचा नाही, मीच लावलाय तो," डॉक्टर म्हणाल्या. "पण चाळीस मिनिटं फोन जवळ नसला तर तुझं तुला कळायला हवं. महिनाभर रोज पाच वेळा आधी अंदाज लिहायचा, मग आकडा बघायचा. जमलं तर पाण्यावर जायचे नियम मी लिहून देते."

"आणि तिचा अंदाज चुकला तर?" बाबांनी विचारलं.

"चुकणारच. म्हणून तर महिना देतेय."

पहिल्या आठवड्यात सगळा आनंदीआनंदच होता. एकशे दहा लिहावं तर दोनशे चार निघत. स्वरदा रडकुंडीला आली. मग बुधवारपासून अचानक अंदाज बरोबर यायला लागले, पाचातले चार. आई खूश झाली. शनिवारी स्वरदाच्या लक्षात आलं की अंदाज लिहिताना आपण बाबांच्या तोंडाकडे बघतोय. बाबा सोफ्यावर बसून मांडीवरच्या फोनमध्ये आकडा आधीच पाहून ठेवत, आणि तो कमी असला की त्यांची उजवी भुवई वर जाई.

"बाबा, तुम्ही बाहेर जा."

"मी कुठे काय बोललो?"

"तुमच्या चेहऱ्यावर लिहिलेलं असतं. प्लीज, गॅलरीत जाऊन बसा."

अंबरीशराव गॅलरीत गेले. दाराच्या काचेतून त्यांची पाठ दिसत होती आणि मान खाली होती, म्हणजे फोन बघणं चालूच होतं. पण पाठीवरून आकडा कळत नव्हता, एवढं पुरेसं होतं.

तिथून खरं शिकणं सुरू झालं. साखर फार वाढली की पुस्तकातली ओळ दोनदा वाचावी लागते, हे तिला कळलं. उतरताना ओठ झिणझिणतात ते अगदी शेवटी. त्याआधी आणखी काहीतरी होतं, ते सापडायला तिला तीन आठवडे लागले. त्याआधी तिला लोकांचा राग येत असे. आई पोळ्या लाटताना गुणगुणते ते एरवी तिला आवडायचं. एका संध्याकाळी तेच इतकं डोक्यात गेलं की ती ओरडायला उठली, आणि उठता उठता थबकली. वहीत लिहिलं, पंचाहत्तर. फोनवर बाहत्तर होते. ती साखरेचं पाणी प्यायली आणि दहा-पंधरा मिनिटांत आईचं गाणं पुन्हा बरं वाटायला लागलं. कधी कधी मात्र कुठलीच खूण मिळत नसे, आकडा आपला भलतीकडेच असे. तेही तिनं लिहून ठेवलं.

डॉक्टरांनी वही पाहिली आणि नियम लिहून दिले. पाण्यात जाण्याआधी बोट टोचून बघायचं, दीडशेच्या वर असेल आणि घसरत नसेल तरच जायचं. चार बिस्किटं खायची. जॅकेटच्या खिशात ग्लुकोजच्या गोळ्या. जोडीदारणीला सगळं ठाऊक असलं पाहिजे. बोट टोचून साखर बघायचं मीटर मोटरबोटीत. एका वेळी चाळीस मिनिटं, जास्त नाही. फोन काठावर बाबांकडे.

त्यानंतरच्या पहिल्याच रविवारी स्वरदानं मधेच "थांब" म्हटलं. छाती धडधडत होती, हात थरथरत होते. तारिक सरांच्या बोटीत बोट टोचलं तर एकशे अठरा. काही झालेलं नव्हतं. ती नुसती घाबरली होती. शेजारच्या नावेतली मुलं हसली. तन्वीनं वल्हं जरा जोरातच आपटलं.

"कोई बात नहीं," तारिक सर म्हणाले. "रुकना आ गया, ये भी काम की चीज़ है. चलो."

जानेवारीत नियमित तुकडीसाठी चाचणी होती. नऊ नावा, एक हजार मीटरची शर्यत. स्वरदा आणि तन्वी पहिले पाचशे मीटर चौथ्या होत्या. वारा समोरून होता. तन्वी नेहमीप्रमाणे मोजत होती, "एक, दो. एक, दो."

स्वरदाला वाटलं, ही एवढ्या मोठ्यानं का मोजतेय? बहिरी समजते की काय मला? आणि 'दो' वर असा हेल कशाला काढते? हिला नीट मोजताही येत नाही. पाठीत वल्हंच मारावं.

मग तिच्या मनात आलं की तन्वी दर रविवारी अशीच मोजते.

ओठ ठीक होते. हातही ठीक होते. मागच्या वेळी आपण उगाच थांबलो होतो, ते हसू अजून कानात होतं. समोरची नाव दोन हातांवर आली होती, आणि चारशे मीटर उरले होते. तिनं आणखी तीन वल्ही मारली.

"तन्वी, थांब."

"अभी?"

"आत्ता."

तन्वीनं मान न वळवता वल्हं आडवं धरलं. स्वरदानं खिशातून चार गोळ्या काढून चावल्या. चावतानाच ओठ झिणझिणायला लागले. मागच्या नावा एकेक करत बाजूनं निघून गेल्या. दूर काठावर बाबा उभे राहिलेले दिसले. इतक्या लांबून ते बोटभर दिसत होते, तरी त्यांचं पुढे येणं कळत होतं. पायऱ्या संपल्या तरी ते पुढे आले. मोटरबोटीतून तारिक सरांनी त्यांना हातानं थांबायची खूण केली. स्वरदानं हात वर केला. थोड्या वेळानं त्या बोटभर माणसानंही हात वर केला, आणि मग तो तसाच वर धरून उभा राहिला.

मीटरवर एकसष्ट आले. पंधरा मिनिटांनी एकोणनव्वद. तारिक सरांनी मान हलवली तेव्हा दोघी हळूहळू वल्हवत काठाला आल्या.

बाबांचे बूट गुडघ्यापर्यंतच्या पँटसकट भिजले होते. त्यांच्या हातातल्या फोननं सेन्सर जवळ येताच मधल्या वेळची तुटलेली रेघ भरून काढली. ती खोल खाली जाऊन पुन्हा वर आलेली होती.

"हे तुला आधीच कळलं?" त्यांनी विचारलं.

"तन्वीचा राग आला."

"माझा? मी क्या किया?" तन्वी म्हणाली, आणि दोघी इतक्या हसल्या की स्वरदाला पायरीवर बसावं लागलं.

बाबा हसले नाहीत. ते तिच्या शेजारी बसले, बूट काढून त्यातलं पाणी ओतलं. "मी आत उतरणार होतो," ते म्हणाले. "मला पोहता येत नाही, हे पाणी लागल्यावर आठवलं."

स्वरदा त्यांच्या खांद्याला टेकली.

परतताना होशंगाबाद रोडवर गाडी लागल्यावर ती म्हणाली, "बाबा, शाळेत असताना फोन करू नका. अलार्म माझ्याकडेही वाजतो."

बाबांनी दोन सिग्नल ओलांडले. मग म्हणाले, "दहा मिनिटं थांबेन. तोवर आकडा वर आला नाही तर करणार."

"वीस."

"पंधरा. याच्यापुढे नाही."

पंधरावर ठरलं. पहिल्याच आठवड्यात बाबांनी दोनदा वचन मोडलं. एकदा चौथ्याच मिनिटाला. स्वरदानं फोन उचलला आणि शांतपणे म्हणाली, "अकरा मिनिटं बाकी आहेत," आणि ठेवून दिला. फेब्रुवारी सरता सरता त्यांना थांबता यायला लागलं. त्या पंधरा मिनिटांत ते कारखान्याच्या आवारात फेऱ्या मारतात, हे आईनं तिला सांगितलं. आईला ते त्यांच्याच एका सहकाऱ्याकडून कळलं होतं.

स्वरदाचा फोन सुटला असं काही झालं नाही. दंडावर चकती होती, दप्तरात एक पॉवर बँकही होती. अजूनही रिकामा क्षण मिळाला की तिचा हात तिकडे जाई. पण पाण्यावर असताना तिला त्याची आठवण येत नसे, आणि आपल्याला आठवण आली नव्हती हे तिला काठावर आल्यावर कळे.

मार्चमध्ये राहिलेल्यांची आणि नव्या जोड्यांची चाचणी झाली. स्वरदा आणि तन्वी सहाव्या आल्या. या वेळी आठ जोड्या घ्यायच्या होत्या. तुकडीचा अर्ज तिनं जेवणाच्या टेबलावर बसून स्वतः भरला. 'काही आजार असल्यास' या रकान्यात तिनं मधुमेह लिहिला, आणि खाली सुवाच्य अक्षरात, साखर उतरली तर आपल्याला काय होतं आणि जोडीदारणीनं काय करायचं ते चार ओळींत. बाबा समोर बसून वर्तमानपत्र वाचत होते. शेवटी तिनं अर्ज त्यांच्याकडे सरकवला आणि सही कुठे करायची ते बोटानं दाखवलं.