आडवं उभं राहीपर्यंत

खांद्याच्या ऑपरेशननंतर मला नवऱ्याच्या मोठ्या रायफलीचा दणका सोसत नव्हता. म्हणून यंदा मी बारीक गोळीची रायफल घेतली. हरीण मिळालं नाही, तर हिवाळाभर घरात मांस नव्हतं.

"वहिनी, ससे मारायला निघालात का?" माझा दीर अर्लिंग हसला. त्याने कोल्ह्यांसाठीच्या काडतुसांची डबी पुढे केली. "ही घ्या, स्वस्त पडतात."

"ती गोळी आत न शिरता कातडीजवळच फुटते, भाऊजी. जनावर जखमी होऊन तडफडत पळतं. मला खोल शिरणारीच हवी."

पहाटेच्या प्रार्थनेत मी देवाला शब्द दिला होता, की हरीण पूर्ण आडवं, म्हणजे कूस माझ्याकडे करून, उभं राहिल्याशिवाय चाप ओढणार नाही. समोरून मारलेली एवढीशी गोळी हाडातच अडकायची.

झाडीतून मोठा नर आला आणि आमच्याकडे तोंड करून थांबला.

"मारा की! शिंगं तरी बघा!" अर्लिंग कुजबुजला.

"शिंगं शिजवून खायचीत का?"

नर आला तसा पाठ फिरवून गेला.

"झालं! आता बसा बटाटे खात."

माझी बोटं बधिर झाली, तरी मी गाल रायफलीवरून हलवला नाही.

बर्फावर ऊन पसरलं, तेव्हा एक मादी चरत चरत समोर आडवी उभी राहिली. मी पुढच्या पायामागे नेम धरला, श्वास सोडला आणि चाप ओढला. ती जरा धावली आणि कोसळली.

अर्लिंग आनंदाने उठू लागला. मी त्याची बाही धरली.

"थांबा. तिला आधी शांतपणे जीव सोडू द्या."

तो टोपी काढून माझ्याशेजारी खाली बसला.