गुरुवारची मंडळी

मंजुषा साळवेचं गाणं संपलं की चर्चच्या रविवारच्या उपासनेत टाळ्या पडायच्या. सुरुवातीला तिला त्याचं भारी अप्रूप होतं, आणि कुणाला नसतं? रहाटणीत फर्निचरच्या दुकानावर भाड्याने घेतलेला हॉल, सार्थकचा कीबोर्ड, दोन गिटार, पडद्यावर सरकणारे शब्द, आणि ते शब्द आपले! चाकणच्या कंपनीत स्टोअरला बसून दिवसभर नट-बोल्टच्या खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवणाऱ्या बाईला देवाने आणखी काय द्यायचं? पण हळूहळू तिच्या लक्षात आलं, की लोक टाळ्या वाजवतात, कारण ते गात नाहीत. स्वतः गायलेल्या गाण्याला कोण टाळी देतं? जेवून उठलेला माणूस ढेकर देतो, टाळ्या नाही वाजवत.

तरी रविवारचं एक वेळ ठीक होतं. निदान पाच-पन्नास ओठ तरी हलायचे. खरी पंचाईत होती ती गुरुवारची.

आपल्या पट्ट्यात बऱ्याच कंपन्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. देवाने सातवा दिवस विसाव्याचा ठरवला खरा, पण वीज मंडळाने आणि कंपनीवाल्यांनी गुरुवार ठरवला, आणि पगार काही देव देत नाही. त्यामुळे मंडळीतले प्रेसशॉपमधले, फोर्जिंगमधले, कँटीनमधले लोक रविवारी देवळात दिसायचेच नाहीत. मंजुषाचा नवरा ज्योतीराम त्यांतलाच. तिची सुट्टी रविवारी, त्याची गुरुवारी. एका घरात राहून दोघं दोन वेगळ्या गावांत राहिल्यासारखी. म्हणून पाळकसाहेबांनी या लोकांसाठी गुरुवारी संध्याकाळी वेगळी उपासना सुरू केली होती, आणि मंजुषा कंपनीच्या बसमधून उतरून थेट तिथे जायची.

तिथलं चित्र काय सांगावं! मयताला आल्यासारखी तीस-चाळीस माणसं, माना खाली. वाजवणारी पोरं हिंजवडीत आपापल्या ऑफिसात अडकलेली. शिफ्ट बदलली की चेहरे बदलणार, त्यामुळे एका गुरुवारी शिकवलेलं गाणं पुढच्या गुरुवारी कुणालाच येत नसे. शेवटी पाळकसाहेब मोबाइलवर गाणं लावायचे आणि मंडळी तोंडात मिठाची गुळणी धरून ऐकायची.

उपकारस्तुतीचा सण जवळ आला, तशी पंच कमिटीची बैठक भरली. महिला मंडळाची सेक्रेटरी म्हणून जेवणाचं ठरवायला मंजुषाही होती. पण जेवण राहिलं बाजूला, मुख्य पंच साहेबराव पारखे यांनी गुरुवारचाच विषय काढला. साहेबराव एका कंपनीतून फोरमन म्हणून रिटायर झालेले. माणूस सरळ, पण एकदा बोलले की बोलले.

"गाणं न्हाई ती कसली उपासना?" ते म्हणाले. "मोबाइल ऐकायचा तर घरी ऐकत्याल. सण झाला की गुरुवारचं बंद करू. ज्याला देव पायजे त्यानं रविवारी यावं."

"आणि सुट्टी कोण देणार, काका?" मंजुषाने विचारलं.

"देवासाठी एक खाडा टाकता येत न्हाई?"

कॉन्ट्रॅक्टवरच्या माणसाने दोन रविवार खाडे टाकले की तिसऱ्या रविवारी त्याच्या जागी दुसरा उभा असतो, हे फोरमनला माहीत नसेल असं थोडंच होतं? मंजुषाच्या डोक्यात तिडीक गेली. गुरुवार बंद झाला, की ज्योतीरामचं देवळात येणं संपलं. नुसतं त्याचंच नाही, त्या सगळ्यांचं.

"गुरुवारचे लोक गायले तर?"

साहेबरावांनी चष्मा काढला. "गायले तर चालू ठेवू. हा माझा शब्द. पन मोबाइलवर न्हाई, अन् तुझ्या एकटीच्या गळ्यावर बी न्हाई. मंडळी गायली पायजे. सणाच्या गुरुवारी मी सोता येतो ऐकायला."

बोलून गेली खरी. आता निस्तरायचं होतं.

तिने गाणं लिहिलं. तीन कडव्यांचं, पिकलेल्या शेताचं, कणसांचं, बांधलेल्या पेंढ्यांचं. उपकारस्तुतीचा सण म्हणजे हंगामाचा सण. गावाकडे लोक शेतातला पहिला माल वेदीपुढे आणतात, तेव्हा पेंढ्या हव्यातच, असा तिचा हिशोब. सार्थकने प्रेमाने म्युझिक भरून दिलं. पुढच्या गुरुवारी तिने छोट्या स्पीकरवर ते लावलं आणि जीव तोडून गायली. मंडळीने जीव लावून ऐकलं. शेवटी काय झालं असेल? टाळ्या!

घरी जाताना स्कूटरवर मागे बसून ती धुमसत होती.

"अहो, तुम्ही तरी तोंड उघडायचं होतंत."

"गाणं झकास हाय," ज्योतीराम म्हणाला. "पन आमाला शिरायला त्यात जागाच न्हाई. दार आतून लावून घेतल्यावानी. अन् पेंढ्या कोन बांधतंय हितं? मी इतकी वर्सं पत्रा दाबतोय."

मंजुषाला राग आला. खरं बोलणाऱ्याचा येतो तसाच. दोन दिवस तिने त्याच्याशी कामापुरतं बोलून काढले. भाजीत मीठही जरा जास्तच पडलं, ते चुकून पडलं असं तिचं म्हणणं. पण माघार घेणं तिच्या रक्तात नव्हतं. ते कागद तिने फाडले आणि पुढच्या गुरुवारी गाणं-बिणं काही न नेता मोकळ्या हाताने गेली. नुसती बघायला.

उपासना संपली. हॉल दुसऱ्या दिवशी योगाच्या वर्गाला द्यायचा असल्यामुळे बाकं भिंतीला लावावी लागत. जुनी सागवानी बाकं, एका माणसाला हलायची नाहीत. ज्योतीरामने एका टोकाला हात घातला आणि हाक दिली, "हां, घ्या रं!" आणि बाकीच्यांनी एका दमात, एका आवाजात उत्तर दिलं, "घेतलं!" "सरकू द्या!" "सरकलं!" कंपनीत प्रेसचा जड साचा, म्हणजे डाय, बसवताना देतात तशी हाक आणि तसंच उत्तर. प्रेसच्या धडधडाटावर आवाज चढवून बोलायची सवय असलेली माणसं ती. घरी मीठ मागितलं तर शेजारी दचकतो. हॉल नुसता दणाणून गेला.

मंजुषा पर्स छातीशी धरून बघतच राहिली. घटकाभरापूर्वी मुकी बसलेली मंडळी बाकं उचलताना चक्क गात होती!

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. या माणसांना गळा होता, ताल होता. त्यांना कुणीतरी हाक द्यायला हवी होती आणि उत्तर त्यांच्यावर सोडायला हवं होतं. त्या आठवड्यात तिने जे रचलं ते एका ओळीत मावत होतं. कुणीही उभं राहून हाक द्यायची, कशासाठी उपकार मानायचे ते सांगायचं, आणि सगळ्यांनी म्हणायचं: "तुझे उपकार, देवा, तुझे उपकार." चार सुरांची चाल, खालच्या पट्टीतली, थकलेल्या माणसालाही झेपणारी. पडदा नको, पाठांतर नको.

सार्थकने ऐकलं आणि डोकं खाजवलं. "ताई, हे गाणं आहे की घोषणा? दुसरं कडवं कुठंय?"

"ते देतील."

"आणि नाही दिलं तर?"

"तर नाही दिलं," मंजुषा म्हणाली. पण त्या रात्री तिला झोप लागली नाही, हेही खरं.

सणाचा गुरुवार आला. वेदीपुढच्या टेबलावर मंडईतून आणलेले भोपळे, शिरूरकडच्या कुणाच्या तरी शेतातली कणसं, केळीचा घड. मागच्या बाकावर इस्त्रीच्या सफारीत साहेबराव, हाताची घडी घालून. वजनकाट्यासमोर बसलेल्या माणसासारखे.

मंजुषाने ओळ शिकवली आणि पहिली हाक स्वतःच दिली. "रोजच्या भाकरीसाठी!" उत्तर आलं, पण पातळ. "पाण्यासाठी!" तेही तसंच. मग तिने ठरवल्याप्रमाणे हाक द्यायची थांबवली आणि जागा रिकामी सोडली.

कुणी बोलेना. पंखा कुरकुरत होता. पाळकसाहेबांनी तिच्याकडे पाहिलं, भरून काढा आता, अशा अर्थाने. तिने मानेनेच नाही म्हटलं. जिभेवर दहा ओळी तयार होत्या, गाणारीच ती. पण आज आपण भरलं, की जन्मभर आपणच भरत बसणार. तिने दात आवळून धरले आणि उभी राहिली. लाज वाटत होती, भीती वाटत होती, पण हलली नाही.

"गुडघं दुखत्यात," बायकांच्या बाजूने आवाज आला. कँटीनमध्ये भांडी घासणाऱ्या शालनबाई पदर सावरत उठल्या होत्या. "पन अजून चालत्यात, त्येच्यासाठी!"

हसू पिकलं, आणि हसूनच उत्तर आलं, "तुझे उपकार, देवा, तुझे उपकार!" या वेळी जाड. मग कुणाची पोरगी दहावी झाली, कुणाच्या बायकोचं ऑपरेशन नीट पार पडलं, कुणाला भाड्याची खोली मिळाली. हाकेमागून हाक आली. मंजुषाचे डोळे भरून आले. जमलं होतं.

तेवढ्यात ज्योतीराम उठला.

दोन वर्षांपूर्वी प्रेसखाली त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली होती. तेव्हापासून भेटेल तो म्हणायचा, हात वाचला, देवाचे उपकार मान. पाळकसाहेब म्हणाले होते. मंजुषाही म्हणाली होती, एकदा नाही, शंभरदा. तो ऐकून घ्यायचा.

"माझी दोन बोटं गेली," तो म्हणाला. पुढे 'साठी' नाही, काही नाही. तेवढंच म्हणून उभा राहिला.

ओळ तर सगळ्यांच्या ओठांवर होती, पण म्हणायची कशी? शालनबाईंनी तोंड उघडलं आणि मिटलं. मागे साहेबराव पुढे झुकले. मंजुषाच्या लख्ख ध्यानात आलं, की आता आपण नेहमीचं उत्तर दिलं तर ही सगळी मागोमाग म्हणतील, गाणं पुरं होईल, गुरुवार वाचेल. आणि हा माणूस पुन्हा कधी तोंड उघडणार नाही. गेलेल्या बोटांवर उपकार गायला तिची जीभ वळेना. मोडलं गाणं तर मोडू दे, असं म्हणून तिने तेच चार सूर धरले आणि शब्द बदलले.

"तुला ठाऊक, देवा, तुला ठाऊक."

ज्योतीरामने तिच्याकडे पाहिलं. मग तोच गायला, मोठ्याने, मान वर करून. "तुला ठाऊक, देवा, तुला ठाऊक!" त्याच्या शेजारच्याने उचललं, मग त्याच्या शेजारच्याने, आणि मग अख्ख्या हॉलने. गाणं मोडलं नाही. उलट त्याला आता तोंड फुटलं.

"कॉन्ट्रॅक्ट मोडलं!"

"तुला ठाऊक, देवा, तुला ठाऊक!"

"बाप गेला तवा सुट्टी न्हाई भेटली!"

"तुला ठाऊक, देवा, तुला ठाऊक!"

खालचा फर्निचरवाला काय झालं म्हणून जिना चढून वर आला आणि दारातच उभा राहिला. किती वेळ चाललं कुणास ठाऊक. मधेच कुणी उपकाराची हाक द्यायचं, मधेच गाऱ्हाण्याची, आणि कुठल्या हाकेला कुठलं उत्तर द्यायचं हे लोकांना कुणी सांगावं लागत नव्हतं. संपलं तेव्हा कुणीही टाळी वाजवली नाही. लोक घाम पुसत, नाक शिंकरत एकमेकांना सलाम करत बाहेर पडले.

साहेबराव मात्र बसूनच होते. मंजुषा त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. मनात म्हणाली, आता होऊन जाऊ दे.

"काका, उपकारस्तुतीला गाऱ्हाणी गायली आम्ही. पण गायलो."

"ऐकलं मी." त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. "शब्द दिलाय. गुरुवार चालू ऱ्हाईल."

मंजुषाने मोठा श्वास सोडला. पण साहेबराव उठेनात. सफारीच्या खिशात रुमाल शोधत होते, सापडत नव्हता.

"माझ्या लाइनवर तीन पोरांची बोटं गेली," ते म्हणाले. "प्रोडक्शन पायजे म्हनून, हात आत आला की प्रेस थांबवनारा सेन्सर मीच बंद करायला लावला हुता. अन् वर त्यांना मीच दवाखान्यात जाऊन सांगितलं, हात वाचला, उपकार मान म्हनून." त्यांनी शर्टाच्या बाहीने डोळे पुसले. "इतकी वर्सं रविवारी पुढच्या बाकावर बसतोय. हे तिथं म्हनता येत न्हाई, बाई."

मंजुषा त्यांच्या शेजारी बाकावर बसली.

"मग गुरुवारी म्हणा," ती म्हणाली.